बुद्धीचा हुकूम आणि हिशेबाचा हक्क

१२ मार्च १७७६ रोजी फ्रान्सचा राजा सोळावा लुई व्हर्साय येथे समारंभपूर्वक न्यायासनावर बसला आणि पॅरिसच्या उच्च न्यायालयाने अडवून धरलेली सहा फर्माने त्याने आपल्या राजाधिकारात नोंदवून घ्यावयास लावली. त्यांतील एका फर्मानाने रस्तेबांधणीसाठी शेतकऱ्यांकडून सक्तीने घेतली जाणारी वेठ रद्द झाली आणि तिच्याऐवजी जमीनमालकांवर, त्यांत उमरावही आले, कर बसविण्यात आला. दुसऱ्या फर्मानाने पॅरिसमधील कारागिरांच्या गिल्डची मिरासदारी संपविली. या फर्मानांचा कर्ता होता अर्थमंत्री तुर्गो. योगायोग असा, की त्याच्या तीनच दिवस आधी, ९ मार्चला, लंडनमध्ये ॲडम स्मिथचा ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. स्मिथने ग्रंथात जे मांडले, त्यातील बरेचसे तुर्गो कायद्यात उतरवू पाहत होता. ग्रंथ टिकला, कायदे टिकले नाहीत. १२ मे १७७६ रोजी, म्हणजे बरोबर दोन महिन्यांनी, तुर्गोला मंत्रिपदावरून दूर करण्यात आले. वर्ष संपण्यापूर्वी वेठ परत आली आणि थोड्याफार फेरफारांनिशी गिल्डही परत आली.

या घटनांना २०२६ मध्ये अडीच शतके पूर्ण होतात. एका परकीय मंत्र्याच्या पदच्युतीची आठवण एवढ्या काळाने का करावी, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर असे, की युरोपातील ज्या युगाला बुद्धिप्रामाण्याचे युग म्हटले जाते, त्याचे बळ आणि त्याची उणीव ही दोन्ही तुर्गोच्या वीस महिन्यांच्या कारभारात जितकी स्पष्ट दिसतात, तितकी क्वचितच अन्यत्र दिसतात. राज्यकारभार बुद्धीने चालावा, हे या युगाने युरोपला शिकविले. परंतु ती बुद्धी कोणाची, आणि तिला जाब विचारण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास पुढे पुष्कळ किंमत मोजावी लागली. तो प्रश्न आजही जुना झालेला नाही.

राजाच्या दरबारात बुद्धी

सतराव्या शतकाच्या अखेरीस न्यूटनने आकाशातील ग्रह आणि झाडावरून पडणारे फळ यांना एकच नियम लागू केला. निसर्ग जर नियमांनी चालतो, तर समाजालाही नियम असले पाहिजेत आणि ते माणसाच्या बुद्धीला कळले पाहिजेत, असा विश्वास त्यातून निर्माण झाला. लॉकने राज्यसत्तेचा पाया ईश्वरी आज्ञेतून काढून प्रजेच्या संमतीत रोवला. माँतेस्क्यूने १७४८ मध्ये सत्तेच्या विभाजनाचा विचार मांडला. १७५१ पासून दिदरोच्या संपादकत्वाखाली निघू लागलेल्या विश्वकोशाने सुताराच्या रंध्यापासून ईश्वरशास्त्रापर्यंत सर्व ज्ञान एकाच पंक्तीला बसविले. १७६४ मध्ये इटलीच्या बेक्कारियाने, यातना देऊन काढलेल्या कबुलीजबाबाने सत्य सिद्ध होत नाही, हे साध्या तर्काने दाखवून दिले. पूर्वी शासनाला केवळ ‘असे चालत आले आहे’ एवढे उत्तर पुरत असे. या विचारवंतांनी ते उत्तर अपुरे ठरविले.

पण नवा विचार अमलात कोण आणणार? युरोपखंडात, इंग्लंड-हॉलंडसारखे अपवाद वगळले तर, लोकांची सभा जवळपास नव्हतीच. फ्रान्सची इस्टेट्स जनरल १६१४ नंतर भरलीच नव्हती. तेव्हा विचारवंतांनी जवळचा रस्ता धरला. राजालाच शहाणे करावे, म्हणजे राज्य आपोआप शहाणे होईल! व्होल्तेअर प्रशियाच्या फ्रेडरिककडे गेला, दिदरो रशियाच्या कॅथरिनकडे. ज्ञानी राजेशाही ही या युगाची आवडती आशा होती, आणि तुर्गो हा त्या आशेचा सर्वांत प्रामाणिक प्रतिनिधी होता.

तो नुसता पुस्तकी पंडित नव्हता. १७६१ पासून तेरा वर्षे लिमोझ या दरिद्री प्रांताचा प्रशासक म्हणून त्याने काम केले होते. तेथे त्याने वेठीऐवजी करातून पैसा उभारून मजुरीने रस्ते बांधविले. १७७०-७१ च्या दुष्काळात गोरगरिबांसाठी कामे काढली. आपली योजना गावोगावच्या धर्मोपदेशकांना पत्रे लिहून समजावून देण्याची त्याची रीत होती, कारण लोकांचा विश्वास असलेला माणूस गावात तोच असे. २४ ऑगस्ट १७७४ रोजी तो फ्रान्सचा अर्थमंत्री झाला, तेव्हा राज्याचे दिवाळे काढावयाचे नाही, नवे कर बसवावयाचे नाहीत आणि नवे कर्ज काढावयाचे नाही, अशी त्रिसूत्री त्याने राजापुढे ठेवली. मग उरला मार्ग एकच: खर्चाला कात्री आणि उत्पादनाला मोकळीक.

भाकरीचा भाव

१३ सप्टेंबर १७७४ च्या फर्मानाने तुर्गोने देशांतर्गत धान्यव्यापार खुला केला. यामागचा तर्क निर्दोष होता. एका प्रांतात धान्य सडते आणि शेजारच्या प्रांतात लोक उपाशी मरतात, याचे कारण प्रांताप्रांतांच्या सीमेवरचे अडथळे आणि अधिकाऱ्यांची ढवळाढवळ हे होय. व्यापार मोकळा झाला की धान्य स्वस्ताईकडून महागाईकडे वाहील, शेतकऱ्याला वाजवी भाव मिळेल, तो अधिक पिकवील आणि अखेर भाव स्थिर होतील. हे सारे त्याने फर्मानाच्या प्रस्तावनेत सविस्तर लिहिले. खेड्यातल्या न्यायाधीशालाही ते शेतकऱ्यांना समजावून सांगता यावे, म्हणून तो मजकूर त्याने पुन्हा पुन्हा लिहून काढला, असे सांगतात. आज्ञा देणाऱ्या राजाने आज्ञेची कारणेही द्यावीत, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती.

परंतु १७७४ चे पीक कमी आले होते. हाच प्रयोग १७६३-६४ मध्ये होऊन १७७० मध्ये मागे घेतला गेला होता, आणि त्या वेळच्या महागाईची आठवण लोकांच्या मनातून गेली नव्हती. ज्या मजुराची निम्मी कमाई एरव्हीसुद्धा भाकरीवर जाते, त्याच्या दृष्टीने ‘अखेर भाव स्थिर होतील’ या वाक्यातील ‘अखेर’ हा शब्द फार लांबचा असतो. दीर्घकालीन समतोलापर्यंत पोचण्यासाठी आधी उद्याची सकाळ गाठावी लागते. २७ एप्रिल १७७५ रोजी पॅरिसच्या उत्तरेकडील बोमों-स्यूर-वाझ येथील बाजारात दंगल झाली. २ मे रोजी लोक व्हर्सायला पोचले, ३ मे रोजी पॅरिसच्या भटारखान्यांवर चालून गेले. तीनेक आठवड्यांत सुमारे तीनशे ठिकाणी असे उठाव झाले. इतिहासात त्यांना ‘पिठाचे युद्ध’ म्हणतात.

या उठावांतील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अनेक ठिकाणी जमावाने धान्य लुटले नाही. त्यांनी ते ताब्यात घेतले, आपणच त्याचा वाजवी भाव ठरविला आणि त्या भावाने पैसे मोजून ते नेले. भाकरी पौंडाला दोन सू या भावाने मिळावी, अशी त्यांची मागणी होती. म्हणजे जमावालाही स्वतःचा एक न्याय होता. अन्न ही इतर मालासारखी वस्तू नव्हे, तुटवड्याच्या काळात तिच्या भावाची जबाबदारी राजाने घेतली पाहिजे, हा त्या न्यायाचा गाभा. गालियानीने १७७० मध्ये आणि नेकरने १७७५ मध्ये ग्रंथ लिहून जवळपास हाच आक्षेप अर्थशास्त्राच्या भाषेत घेतला होता. तेव्हा हा झगडा बुद्धी आणि अज्ञान यांच्यातील होता, असे म्हणणे सोपे असले तरी खरे नाही. बुद्धिमंतांतच मतभेद होता, आणि ज्यांच्या पोटाशी तो निगडित होता त्यांना विचारण्याची सोय कोठेच नव्हती. तुर्गोने सैन्य बोलावले. ११ मे रोजी पॅरिसच्या ग्रेव्ह चौकात दोघांना फाशी देण्यात आले. ते दोघेही साधे कारागीर होते.

संमतीचा मुखवटा

पिठाच्या युद्धातून तुर्गो तरला. त्याला बुडविले ते वरच्या थराने. १७७६ च्या फर्मानांना पॅरिसच्या उच्च न्यायालयाने विरोध केला, तो मोठ्या सफाईने. या न्यायालयाला ‘पार्लमाँ’ म्हणत. इंग्लंडच्या पार्लमेंटशी त्याचे नावापुरतेच साम्य होते. तेथील न्यायाधीशांच्या जागा विकत घेतलेल्या, बहुधा वंशपरंपरेने चालणाऱ्या. राजाचे फर्मान नोंदविण्यापूर्वी त्यावर हरकत घेण्याचा हक्क मात्र त्यांच्याकडे होता. मार्चच्या आरंभी त्यांनी राजाला कळविले, की धर्मगुरूंनी उपासना करावी, उमरावांनी तलवार चालवावी आणि सामान्यांनी कर व कष्ट द्यावेत, ही राज्याची मूळ घडी आहे. उमरावांना रस्त्याच्या करात ओढणे म्हणजे ही घडी विस्कटणे होय. विशेष हे, की स्वतःच्या सवलती राखणारे हे लोक पॅरिसमध्ये जनतेच्या स्वातंत्र्याचे रक्षक म्हणून ओळखले जात होते. हुकूमशाहीला अटकाव करणारी दुसरी संस्थाच नसल्यामुळे मिरासदारांनाच लोकनायकत्व मिळाले.

तुर्गोला ही पोकळी दिसत नव्हती असे नाही. गावापासून राष्ट्रापर्यंत जमीनधारकांच्या निर्वाचित सभांची उतरंड उभारावी आणि कराची वाटणी तिच्यामार्फत व्हावी, असा मसुदा त्याने १७७५ मध्ये द्यु पाँ या सहकाऱ्याकडून तयार करवून घेतला होता. तो कागदावरच राहिला. आधी सुधारणा, मग सभा, असा त्याचा क्रम होता. वेळ थोडा आहे, ही त्याची धारणा होती, आणि १७८१ मध्ये त्रेपन्नाव्या वर्षी तो वारला, हे पाहता ती अगदीच चुकीची नव्हती. पण क्रम चुकला. ज्या शेतकऱ्यांची वेठ गेली, त्यांना ती टिकविण्यासाठी उभे राहण्याची जागा नव्हती. उमरावांना मात्र दरबार होता, राणी होती, न्यायालय होते. ज्यांचा फायदा झाला ते मुके होते, ज्यांचे नुकसान झाले ते राजाच्या कानाशी होते. अशा स्थितीत कोणती सुधारणा टिकेल?

हीच कथा थोड्या फरकाने ऑस्ट्रियातही घडली. सम्राट दुसरा जोसेफ याने १७८१ मध्ये धर्मसहिष्णुतेचे फर्मान काढले, भूदासांना व्यक्तिस्वातंत्र्य दिले, आणि पुढे फर्मानांचा पाऊसच पाडला. १७९० च्या जानेवारीत, मृत्यूच्या दारात असताना, त्याला हंगेरीतील आपली बहुतेक फर्माने मागे घ्यावी लागली. सहिष्णुता आणि भूदासांची मुक्ती एवढी वाचली. प्रशियाच्या फ्रेडरिकने यातनांची पद्धत बंद केली, विचाराला बरीच मोकळीक दिली, परंतु भूदासपद्धती तशीच राहिली. कांटने १७८४ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात या राजाचे कौतुक करताना त्याच्या राज्याचे सूत्रही सांगून ठेवले: वाद हवा तितका घाला, मात्र आज्ञा पाळा. त्या सूत्रात या युगाची सारी मर्यादा सामावलेली आहे.

खजिन्याची वही उघडते

समुद्रापलीकडे इंग्लंडचा अनुभव वेगळा होता. १६८९ नंतर तेथे पार्लमेंटच्या संमतीवाचून कर बसविता येत नसे. आजच्या दृष्टीने ते पार्लमेंट मूठभर मालमत्ताधारकांचे होते, हे खरे. तथापि दरडोई कराचा बोजा फ्रान्सपेक्षा इंग्लंडमध्ये जड असूनही तो वसूल होत असे, आणि सरकारला कर्जही फ्रान्सच्या राजापेक्षा कमी व्याजाने मिळत असे. कारण सावकाराला ठाऊक होते, की या कर्जामागे एका व्यक्तीचा शब्द नसून सभेचा ठराव आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी अशी ही गोष्ट आहे. संमती ही केवळ नैतिक शोभा नव्हे. राज्याच्या पतीची ती गंगाजळी असते.

हे मर्म फ्रान्समध्ये नेकरने ओळखले. फेब्रुवारी १७८१ मध्ये त्याने राज्याच्या जमाखर्चाचा अहवाल छापून लोकांपुढे ठेवला आणि त्याच्या हजारो प्रती हातोहात खपल्या. तो अहवाल प्रामाणिक नव्हता. अमेरिकन युद्धाचा असाधारण खर्च बाजूला ठेवून त्याने साधारण जमाखर्चात एक कोटी लिव्रची शिल्लक दाखविली होती. तरीही परिणाम दूरगामी झाला. तोवर राज्याचा हिशेब हे राजाचे गुपित होते. आता कोणत्या दरबाऱ्याला किती पेन्शन मिळते, हे वकील, शिक्षक, दुकानदार वाचू लागले. नेकरची उचलबांगडी झाली, पण एकदा उघडलेली वही पुन्हा मिटता आली नाही. आठ वर्षांनी खजिना रिकामा झाल्यावर राजाला इस्टेट्स जनरल बोलवावी लागली. तुर्गोला राजाज्ञेनेही जे साधले नव्हते, ते ४ ऑगस्ट १७८९ च्या एका रात्रीत घडले: उमरावांनी सभेत उभे राहून आपल्या सवलती सोडल्या. खेड्यापाड्यांत वाडे जळत होते, या भीतीचा त्यात मोठा वाटा होता, हेही विसरून चालणार नाही.

२६ ऑगस्ट १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील स्वातंत्र्य आणि समता हे शब्द सर्वांना पाठ असतात. त्यातील चौदावे आणि पंधरावे कलम मात्र फारसे कोणी वाचत नाही. कराची गरज तपासण्याचा, त्याला संमती देण्याचा आणि त्याचा विनियोग पाहण्याचा अधिकार नागरिकांना आहे, असे पहिले सांगते. प्रत्येक सरकारी अधिकाऱ्याकडून त्याच्या कारभाराचा हिशेब मागण्याचा अधिकार समाजाला आहे, असे दुसरे सांगते. बुद्धिप्रामाण्याच्या युगाने राज्यकारभाराला दिलेली खरी देणगी ही होय. प्रजेने राजाची बुद्धी मान्य करावी, येथून सुरुवात झाली होती. राजाची बुद्धी प्रजेपुढे तपासली जावी, येथवर विचार येऊन पोचला.

हे स्थान लगेच स्थिर झाले नाही. १७९३ मध्ये पॅरिसच्या नोत्रदाम मंदिरात बुद्धीचा उत्सव साजरा झाला आणि त्याच सुमारास बुद्धीच्या नावाने माणसांची डोकी उडविली गेली. तुर्गोचा मित्र आणि चरित्रकार काँदोर्से १७९४ मध्ये कोठडीत मेला. ज्या मालझेर्बने तुर्गोबरोबर मंत्रिपद सोडले होते, तो त्याच वर्षी वधस्तंभावर गेला. राजाच्या जागी समिती आली, तरी हिशेब विचारणाऱ्याला शत्रू मानण्याची वृत्ती तीच राहिली. सत्य आपल्याला गवसले आहे अशी ज्याची खात्री असते, त्याला प्रश्न म्हणजे अडथळा वाटतो. मग तो मुकुटधारी असो वा क्रांतिकारक.

पुणे जिल्ह्यातील प्रयोग

या युगाचा धागा महाराष्ट्रापर्यंत आला, तो आधी हुकुमाच्या रूपाने. फ्रेंच अर्थतज्ज्ञांची ‘निव्वळ उत्पन्ना’ची कल्पना आणि रिकार्डोचा खंडसिद्धान्त यांचे संस्कार घेतलेला रॉबर्ट कीथ प्रिंगल हा कंपनीचा अधिकारी इंग्लंडमधील हेलिबरी येथे माल्थसच्या हाताखाली शिकला होता. त्याने पुणे जिल्ह्यात जमिनीची मोजणी करून निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरविला. कागदावरील गणित चोख होते. प्रत्यक्षात नोंदी सदोष निघाल्या, सारा पेलेना, शेतकरी जमिनी टाकून जाऊ लागले. अखेर ती पद्धत सोडून देऊन गोल्डस्मिड आणि विंगेट यांना इंदापूर तालुक्यापासून नव्याने पाहणी सुरू करावी लागली. सर्वसामान्य नियम आणि जिरायत जमिनीतला पाऊस यांची गाठ घालून देईल असा माणूस, म्हणजे खुद्द शेतकरी, त्या हिशेबात कोठेच नव्हता.

तेच विचारधन पुढे येथील लोकांनी उलट्या दिशेने वापरले. जोतीराव फुले यांनी टॉमस पेन वाचला तो मानवी हक्क मागण्यासाठी. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेच्या सभासदांनी आधी लोकांकडून मुखत्यारपत्रे घेतली आणि मग सरकारशी बोलणे सुरू केले. फेरपाहणीत वाढलेल्या साऱ्याविषयी तिने गावोगावची माहिती गोळा केली आणि सरकारच्या आकड्यांपुढे आपले आकडे ठेवले. न्यायमूर्ती रानडे यांच्या पिढीने सरकारच्या बुद्धीला बुद्धीनेच उत्तर दिले, आणि त्यामागे लोकांचे मुखत्यारपत्र होते. जे तुर्गोच्या फ्रान्सला साधले नव्हते, त्याचा लहानसा वस्तुपाठ पुण्यात घडत होता.

आजचा प्रश्न

आज राजे नाहीत; तज्ज्ञ आहेत, मंडळे आहेत, बहुमताची सरकारे आहेत. तरी जुना मोह टिकून आहे. भारतातील तीन कृषी कायद्यांचे उदाहरण ताजे आहे. जून २०२० मध्ये ते वटहुकमाने आले, सप्टेंबरमध्ये घाईने संमत झाले आणि वर्षभराच्या आंदोलनानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द झाले. त्या कायद्यांच्या गुणदोषांविषयी अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत आणि राहतील. परंतु ज्यांनी ते चांगले मानले, त्यांनी तर अधिकच विचार केला पाहिजे, की चर्चेला फाटा देऊन वाचविलेले महिने अखेर किती महाग पडले. रद्द करण्याचे विधेयकही चर्चेवाचूनच संमत झाले, हे त्याहून बोलके. मार्च २०२३ मध्ये लोकसभेने सुमारे ४५ लाख कोटी रुपयांच्या खर्चाला गदारोळात, एका तासाच्याही चर्चेशिवाय मंजुरी दिली. अशा चर्चाहीन मंजुरीला संसदीय परिभाषेत ‘गिलोटिन’ म्हणतात. शब्द फ्रान्समधून आला. त्यामागचा धडा मात्र वाटेत कोठेतरी राहिला.

दुसऱ्या बाजूला २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे. एखादा सामान्य नागरिक दहा रुपये भरून तालुक्याच्या कचेरीत रस्त्याचा खर्च विचारतो, तेव्हा १७८९ चे पंधरावे कलमच तो नकळत अमलात आणीत असतो. त्याला उत्तर वेळेवर मिळते की नाही, अपिले वर्षानुवर्षे पडून राहतात की काय, यावरून कोणत्याही शासनाचे शहाणपण जोखता येईल. त्या शासनाजवळ किती तज्ज्ञ आहेत यावरून नव्हे.

तुर्गो बहुतेक बाबतींत बरोबर होता. वेठ अन्यायाची होती, गिल्डची मिरासदारी अन्यायाची होती, उमरावांची करमुक्ती अन्यायाची होती. त्याने कारणे दिली, स्वच्छ भाषेत दिली. त्याने लोकांना सांगितले, विचारले नाही. एवढ्या एका उणिवेने बरोबर असलेला माणूस हरला, आणि फ्रान्सला तेच सारे पुढे तेरा वर्षांनी रक्त सांडून मिळवावे लागले. बरोबर असणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य खरे, पण त्याने हिशेब देण्याच्या कर्तव्यातून त्याची सुटका होत नाही.